चाळिशीत स्पॅनिश शिकायला परदेशी जाताना: मराठवाड्यातून निघणाऱ्यांसाठी

स्पेनमधल्या सालामांका गावातल्या वर्गाचा दुसरा दिवस होता. बाईंनी फळ्यावर दोन वाक्यं लिहिली: 'मे गुस्ता एल मांगो' आणि 'मे गुस्तान लोस मांगोस'. वर्गातले अमेरिकन आणि इंग्रज विद्यार्थी तिथेच अडले. आवडतो मला, मग क्रियापद आंब्याच्या मागे का जातं, हे त्यांना काही केल्या पटेना. मी वहीत फक्त एवढंच लिहिलं: 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.' माझ्यासाठी तो धडा संपला होता.

माझं शिक्षण परभणी जिल्ह्यातल्या मराठी शाळेत झालं. इंग्रजी नोकरीपुरतं येतं, पण चार लोकांत बोलायचं म्हटलं की अजून शब्द घशात अडकतात. वाळूजच्या एका कारखान्यात निर्यातीचं काम बघताना कोलंबिया आणि मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांशी दर वेळी दुभाष्यामार्फत बोलावं लागायचं. म्हणून ४३ व्या वर्षी बारा आठवड्यांची रजा काढून स्पेनला गेलो. जाण्याआधी सगळे विचारायचे, 'इंग्रजी पक्कं नाही, मग स्पॅनिश कसं जमणार?' तिथे गेल्यावर कळलं की या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंधच नाही. स्पेनमधले बहुतेक वर्ग पहिल्या दिवसापासून स्पॅनिशमधूनच चालतात. डोक्यात आधार घ्यायचाच असेल तर मराठीचा घ्यावा, ती या भाषेला इंग्रजीपेक्षा पुष्कळ जवळ पडते. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. निम्मी भीती इथेच संपली असती.

आधी कारण ठरवा

स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या स्पॅनिश पर्यटकांना लेणी दाखवायची आहेत, नवऱ्याची किंवा बायकोची बदली माद्रिदला झाली आहे, पुढे तिथल्या विद्यापीठात शिकायचं आहे, किंवा माझ्यासारखं व्यापाराचं काम आहे. कारण कोणतंही असो, ते एका वाक्यात लिहून ठेवा. किती महिने जायचं आणि कोणत्या पायरीपर्यंत शिकायचं, हे त्यावरच ठरतं.

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. बाजार, बस, दवाखाना एवढं निभवायला ए-२ पुरतं. लेण्यांसमोर उभं राहून बोलायचं किंवा गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस करायची तर बी-१ च्या पुढे जावं लागतं, आणि स्पॅनिशमधून पदवी घ्यायची तर साधारण बी-२ मागतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना कामाची स्पॅनिश यायला ६०० ते ७५० तासिका धरते. आठवड्याला २० तास म्हटले तर बारा आठवड्यांत २४० होतात. म्हणजे तीन महिन्यांत फडाफडा बोलाल असं सांगणारी जाहिरात खरी नाही. शून्यापासून जाणारा माणूस तेवढ्या काळात ए-२ च्या आसपास पोचतो, आणि घरून तयारी करून गेला तर बी-१ ला हात लागतो.

निघण्याआधीचे शंभर दिवस

या लेखातलं एकच प्रकरण वाचणार असाल तर हे वाचा. मुळाक्षरं, आकडे, 'माझं नाव अमुक' हे शिकण्यासाठी परदेशात आठवड्याला दीडशे-दोनशे युरो मोजणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे. ते सेलूत बसूनही होतं. तिथे जायचं ते बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी.

उच्चारापासून सुरुवात करा आणि ते देवनागरीत लिहा. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. लिहिलं तसं वाचायचं, इंग्रजीसारखी भानगड नाही. त्यांचा 'त' आणि 'द' आपल्यासारखाच दातांवरचा आहे. इंग्रजीच्या सवयीने ट आणि ड केला की परका वाटतो, म्हणून 'तोमाते' म्हणा, 'टोमाटे' नको. प, त, क यांच्यात हवा सोडायची नाही, ती आपण तशीही सोडत नाही. 'ञ' हे अक्षर आपल्याकडे मुळाक्षरांच्या तक्त्यातच उरलं आहे, तिथे ते रोज लागतं. 'आञो' म्हणजे वर्ष. वय सांगताना ञ च्या जागी न म्हटला तर शब्द शरीराच्या भलत्याच भागावर जातो, तेव्हा हा उच्चार घरीच पक्का करा. 'पेरो' म्हणजे पण, 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. हा दुहेरी र गोऱ्या विद्यार्थ्यांना महिनोन्महिने येत नाही, आपल्याला 'कर्रकर्र' म्हणता येतं तेवढं पुरतं. व आणि ब दोन्ही अक्षरांचा उच्चार ब कडे झुकतो, ह लिहितात पण म्हणत नाहीत.

त्यांच्या 'खोता' या अक्षराचा आवाज घशातून येतो. मराठवाड्यात वाढलेल्याला तो शिकवावा लागत नाही. शेजारचे चाचा 'ख़बर', 'ख़ाली' म्हणताना जो ख़ काढतात, तोच. फक्त स्पेनमधला 'थ' नवा आहे, जीभ दातांमध्ये धरून हवा सोडायची. लॅटिन अमेरिकेत त्याचाही स होतो. तिथे 'ग्रासियास', स्पेनमध्ये 'ग्राथियास'.

आता व्याकरण. मराठीतून पाहिलं की किती गाठी आपोआप सुटतात ते बघा.

आपण 'मी झाड पाहतो' म्हणतो, पण 'मी भावाला पाहतो' म्हणतो. माणसाला 'ला' लागतो, झाडाला लागत नाही. स्पॅनिशमध्ये तेच: 'बेओ एल आर्बोल', पण 'बेओ आ मि एर्मानो'. तो मधला 'आ' म्हणजे आपला 'ला'. इंग्रजीत असं काही नाही, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला तो नियम पाठ करावा लागतो.

आपण 'जातो' एवढंच म्हटलं तरी 'मी' कळतो. तिथेही 'बोय' म्हटलं की पुरे, 'यो' घालायची गरज नाही.

भूतकाळाचे दोन प्रकार हा तिथल्या वर्गातला मोठा डोंगर. 'फुई' म्हणजे गेलो, 'इबा' म्हणजे जायचो. लहानपणी आठवडी बाजाराला 'जायचो', आणि एकदा हरवून 'गेलो', हा फरक आपल्या जिभेवर आहेच. आपल्या भागाचं बोलणं तर आणखी जवळचं आहे. 'खातो' म्हणजे 'कोमो', आणि नांदेड-लातूरकडे म्हणतात तसं 'मी खायलो' म्हणजे 'एस्तोय कोमिएंदो'. माझ्या वहीत एका रकान्यात स्पॅनिश आणि समोर 'खायलो, जायलो, बोलायलो' असं लिहिलेलं आहे. प्रमाण मराठीच्या 'खात आहे' पेक्षा मला तेच लवकर बसलं.

कष्ट कुठे पडतात तेही सांगतो. आपल्या एका 'आहे' साठी तिथे दोन क्रियापदं आहेत. 'मी शिक्षक आहे' ला 'सोय', 'मी आजारी आहे' किंवा 'मी घरी आहे' ला 'एस्तोय'. मूळची ओळख असेल तर पहिलं, आत्ताची अवस्था किंवा ठिकाण असेल तर दुसरं, एवढ्यावर सुरुवात करा. लिंगं दोनच आहेत, नपुंसकलिंग नाही, पण आपली लिंगं तिथे जुळत नाहीत. आपलं घर नपुंसकलिंगी, त्यांची 'कासा' स्त्रीलिंगी. म्हणून नाम कधीही एकटं पाठ करू नका, 'ला कासा', 'एल लिब्रो' असं 'ला' किंवा 'एल' सकट पाठ करा. मी पहिले दोनशे शब्द नुसते पाठ केले आणि ते सगळे पुन्हा करावे लागले.

शब्दांचं म्हणाल तर स्पेनवर अरबी राज्य शतकानुशतकं होतं, आणि आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं. त्यामुळे आणि इतरही वाटांनी कितीतरी शब्द दोन्हीकडे ओळखीचे झाले. 'फुलानो' म्हणजे आपला फलाणा. 'नारांखा' म्हणजे संत्रं, आपलं नारिंग. 'अथूकार' म्हणजे साखर, 'लिमोन' म्हणजे लिंबू, 'बेरेंखेना' म्हणजे वांगं. कस्टमच्या कचेरीला 'आदुआना' म्हणतात, मुळात दिवाण. नगराध्यक्ष 'आल्काल्दे', मुळात काझी. कलिंगडाला 'सांदीआ' म्हणतात, म्हणजे सिंधचं फळ. मेज तिथे 'मेसा', साबण 'खाबोन'. पोर्तुगीजांमुळे आलेले वेगळेच: पाव तिथे 'पान', मेस्त्री म्हणजे 'माएस्त्रो'. अशी शंभर शब्दांची यादी स्वतः करा. ज्या शब्दाची ओळख पटते तो विसरत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. 'काका' या शब्दाचा तिथे अर्थ लहान मुलांच्या बोलीत विष्ठा असा होतो. गावाकडून काकांचा फोन आला की वर्गाबाहेर जाऊन बोला.

शिकवणी म्हणून दिल्लीतल्या इन्स्तितुतो सेर्वांतेसचे ऑनलाइन वर्ग आहेत. ही स्पेन सरकारची संस्था, १९९१ साली स्थापन झालेली. पुण्यात राहता येत असेल तर विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधले परकीय भाषांचे वर्ग आहेत, आणि नांदेड-लातूरकरांना हैदराबादचं इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ जवळ पडतं. काहीच जमलं नाही तर रोज सकाळी वीस मिनिटं नवीन, रात्री वीस मिनिटं कालचं, आणि दिवसभरात अर्धा तास स्पेनचा सरकारी रेडिओ मोबाइलवर चालू ठेवायचा. पहिले तीस-चाळीस दिवस एक वाक्यही कळणार नाही, तरी बंद करू नका. कान त्या वेगाला सरावतो.

गाव आणि शाळा

माद्रिद आणि बार्सेलोना महाग आहेत. बार्सेलोनात रस्त्यावर कातालान भाषाही पुष्कळ ऐकू येते, वालेन्सियालाही स्वतःची भाषा आहे. नवशिक्यासाठी हा गोंधळ नको. दक्षिणेत ग्रानादा स्वस्त आणि सुंदर आहे, पण तिकडचे लोक शब्दाच्या शेवटचा स गिळतात, सुरुवातीला कान थकतो. मी सालामांका निवडलं. १२१८ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, आणि १४९२ साली आंतोनियो दे नेब्रिहा यांचं स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण याच गावात छापलं गेलं. आद्यकवी मुकुंदराजांचा वारसा सांगणाऱ्या अंबाजोगाईच्या माणसाला तिथल्या लोकांचा भाषेचा अभिमान लगेच ओळखीचा वाटेल. बोलणं स्पष्ट, गाव पायी फिरण्याजोगं, माद्रिदच्या विमानतळावरून थेट बस. थंडी मात्र कडक. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, जानेवारीत पहाटे पारा शून्याखाली जातो.

शाळा निवडताना इन्स्तितुतो सेर्वांतेसची मान्यता आहे का ते त्यांच्या यादीत पाहा. मग शाळेला ईमेल करून एवढं विचारा: एका वर्गात जास्तीत जास्त किती जण? 'एक तास' म्हणजे ६० मिनिटं की ४५? अगदी नवशिक्यांचा वर्ग कोणत्या तारखांना सुरू होतो, कारण इतरांना कोणताही सोमवार चालतो पण नवशिक्यांना बहुधा ठरावीक तारखाच असतात. तीस-चाळीस वर्षांवरचे विद्यार्थी त्या महिन्यात असतात का? जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग कॉलेजच्या मुलांनी भरतात, प्रौढांना सप्टेंबरनंतरचा काळ बरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: व्हिसा नाकारला गेला तर पैसे किती आणि किती दिवसांत परत? याचं उत्तर लेखी घ्या.

जोडीदाराच्या नोकरीमुळे आधीच तिथे राहत असाल तर सरकारी भाषाशाळा बघा, 'एस्कुएला ओफिसियाल दे इदिओमास' म्हणतात. खासगी शाळेच्या तुलनेत फी नाममात्र असते. आठवड्याचे तास मात्र मोजकेच, म्हणून विद्यार्थी व्हिसासाठी ती वाट सहसा उपयोगी पडत नाही.

ग्वातेमालातल्या आंतिग्वा गावात एकास एक शिकवणी स्वस्तात मिळते, बरेच युरोपियन तिकडे जातात. प्रवास लांबचा आणि तिकीट महाग, म्हणून पहिल्या खेपेला मी स्पेनच सुचवेन.

व्हिसा आणि कागद

९० दिवसांच्या आत परतायचं असेल तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, थोड्या मुदतीचा व्हिसा. प्रौढांना शुल्क ९० युरो. किमान ३०,००० युरोचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. मोजणी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस अशी होते आणि उतरण्याचा व परतीचा दिवस दोन्ही धरतात. बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, वरचे सहा दिवस हाताशी ठेवा. शाळेचं प्रवेशपत्र, फी भरल्याची पावती, राहण्याची सोय, बँकेचं स्टेटमेंट, आयकर रिटर्न आणि नोकरीतून रजा मंजूर झाल्याचं पत्र जोडा. शेवटचा कागद महत्त्वाचा, तुम्ही परत येणार आहात हे तो सांगतो.

त्याहून जास्त राहायचं तर दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा. शाळेचं पत्र पूर्णवेळ अभ्यासक्रमाचं लागतं, आठवड्याला किमान २० तास धरून चाला. खर्चाची ऐपत दाखवताना स्पेनचा 'इप्रेम' नावाचा सरकारी आकडा लावतात, २०२३ ते २०२५ या वर्षांत तो महिन्याला ६०० युरो होता. स्पेनमध्ये चालणारा, उपचाराच्या वेळी स्वतःचा वाटा भरावा लागणार नाही असा पूर्ण आरोग्य विमा लागतो. १८० दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स आणि डॉक्टरांचा दाखलाही लागतो. त्यातल्या भारतीय सरकारी कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी मोहोर, आणि मग स्पेनने मान्य केलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश अनुवाद, हाच क्रम ठेवा. आधी अनुवाद केला तर अपोस्टिलचा मजकूर अनुवादात येत नाही आणि काम दुप्पट होतं. सहा महिन्यांवर राहणाऱ्यांनी पोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करायचा, त्याला 'तिए' म्हणतात.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या स्पॅनिश वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात, आणि बोटांचे ठसे द्यायला जावंच लागतं. परभणी-जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्री बसलं की सकाळी मुंबई, लातूरहून रात्रीची मुंबई गाडी आहे. भेटीची वेळ सकाळी दहानंतरची घ्या. गाडीला उशीर झाला तर वेळ हुकते आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळते, हे मी भोगलं आहे.

एजंटाबद्दल. मला एकाने सांगितलं होतं की पर्यटक म्हणून जा, तिथे गेल्यावर विद्यार्थी व्हिसा करून घेऊ. मी त्याला आगाऊ रक्कमही दिली होती आणि ती परत मिळाली नाही. ज्या कामासाठी जात आहात त्याच कामाचा व्हिसा इथूनच घ्या. कागदांची यादी दूतावासाच्या संकेतस्थळावरून अर्ज करण्याच्या आठवड्यात पुन्हा छापून घ्या, नियम बदलत असतात. तिथे अर्धवेळ काम करून खर्च भागवू, असा हिशेब भाषेच्या कोर्ससाठी अजिबात धरू नका.

नावाकडे लक्ष द्या. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडून, एक आईकडून. त्यामुळे तुमच्या वडिलांचं नाव ते पहिलं आडनाव समजतात. पहिल्या दिवशी हजेरीत वडिलांच्या नावाने हाक आली तेव्हा मी दोनदा गप्प राहिलो, आणि तिसऱ्या हाकेला गळा दाटला, कारण ते नाव घरात कुणी घेऊन सहा वर्षं झाली होती. विमा, शाळेचं पत्र, तिकीट, सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच आणि त्याच क्रमाने नाव लिहा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट यांत 'देशमुख' ची तीन स्पेलिंगं असतील तर ते काम सगळ्यात आधी हातात घ्या, त्याला महिने लागतात.

पैशाचा हिशेब

युरो शंभर रुपयांच्या आसपास धरा. बारा आठवड्यांचा माझा खर्च ढोबळमानाने असा झाला: फी सुमारे २,००० युरो, राहणं आणि जेवणखाण मिळून १,८०० च्या आसपास, तिकीट ७००, विमा-व्हिसा-वह्या-बस धरून ५००. म्हणजे पाच लाख रुपये. मी पहिले चार आठवडे एका कुटुंबात राहिलो आणि नंतर वाटणीच्या घरात गेलो. कुटुंबात राहणं महाग पडतं, पण जेवणाच्या टेबलावरचा तास वर्गातल्या दोन तासांच्या बरोबरीचा असतो. परवडत असेल तर पहिला महिना तरी तसा काढाच.

बँकेतून शिक्षणासाठी पैसे पाठवताना एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे बँकेने आधीच घ्यायचा कर, कापत नाहीत. त्यापुढे कापला तरी तो रिटर्नमध्ये वळता होतो, पावती जपून ठेवा.

बॅगेत काय, ताटात काय

दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच. ताजी फळं-भाजी आणि हिरव्या मिरच्याही नकोत. शेंगदाण्याची कोरडी चटणी, काळा मसाला, ज्वारीचं थोडं पीठ बंद पाकिटात, नाव लिहून.

शाकाहारी असाल तर 'सोय बेखेतारियानो' एवढ्यावर थांबू नका, ट्यूना मासा घातलेली कोशिंबीर समोर येते. 'सिन कार्ने, सिन खामोन, नि पेस्कादो', म्हणजे मांस नको, हॅम नको, मासाही नको, असं पूर्ण सांगा. मसुराच्या आमटीतही डुकराच्या सॉसेजचे तुकडे असतात. दुपारचं जेवण दोन-तीनला, रात्रीचं नऊ-दहाला. दुपारी दोन ते पाच लहान दुकानं बंद. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आपली गावं याच वेळी शांत असतात, त्यामुळे ते मला कधी विचित्र वाटलं नाही.

पहिला आठवडा

सोमवारी सकाळी पातळीची चाचणी होते. तिथे अंदाजाने टिकमार्क करू नका. शंभर दिवसांच्या तयारीवर वरच्या वर्गात ढकलले गेलात आणि बोलता आलं नाही, तर बुधवारपर्यंत हातपाय गळतात. लिहिता येतं पण बोलता येत नाही, हे चाचणी घेणाऱ्याला स्पष्ट सांगा. वर्ग बदलून मागायला लाजू नका, पहिल्या आठवड्यात ते सहज करून देतात.

प्रौढ माणसाचं खरं अवघड दुखणं वेगळंच आहे. इथे आपल्याला लोक 'साहेब', 'सर', 'वहिनी' म्हणतात, आपल्या शब्दाला वजन असतं. तिथे वीस वर्षांच्या पोरांसमोर दोन वर्षांच्या मुलासारखं बोलायचं असतं. शिक्षिकेला नावाने आणि 'तू' म्हणून हाक मारायची, कारण वर्गात तीच रीत आहे. पहिले पंधरा दिवस माझ्या तोंडून ते निघालंच नाही. मोठ्या माणसांशी, घरमालकिणीशी, दवाखान्यात 'उस्तेद' वापरा, ते आपल्या 'आपण' सारखं आहे. समोरचं माणूस स्वतःहून 'तू म्हण' म्हणेल तेव्हाच बदला.

चुकण्याची लाज जात नाही, पण तिच्यासोबत बोलता येतं. मी रोज एक काम ठरवायचो, जे बोलल्याशिवाय होणार नाही: पावाच्या दुकानात कालचा पाव आहे का विचारणं, औषधाच्या दुकानात खोकला समजावून सांगणं, बसथांब्यावर म्हाताऱ्या माणसाला वाट विचारणं, माहीत असली तरी. आधी वाक्य मनात मराठीत, मग स्पॅनिशमध्ये, मग तोंडाने. संध्याकाळी वहीत फक्त तेवढंच लिहायचं जे मला म्हणायचं होतं आणि आलं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिला प्रश्न तोच. त्या वहीतून मी जेवढं शिकलो तेवढं पुस्तकातून नाही.

आपल्याच भाषेतल्या लोकांची संगत बेतानेच ठेवा. संध्याकाळी घरचा फोन हवाच. हिवाळ्यात भारत साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. दुपारी वर्ग सुटला की इकडे दिवेलागण होते. माझी माय रोज विचारायची, 'बोलायला कोणी भेटलं का रे?' चौथ्या आठवड्यापर्यंत मी खोटं सांगत होतो. पण दिवसभर मोबाइलवर मराठी बातम्या आणि कुटुंबाचा ग्रुप चालू ठेवला तर तुम्ही देहाने फक्त तिकडे असाल. एक वेळ ठरवा, बाकी वेळ बंद.

सहाव्या-सातव्या आठवड्यात सगळं विसरल्यासारखं होतं. जवळपास प्रत्येकाचं होतं. त्या आठवड्यात नवीन शिकणं थांबवून जुन्या वह्या वाचा, आणि त्या शनिवार-रविवारी एखाद्या जवळच्या गावी एकट्याने जाऊन या.

परत आल्यावर

परीक्षा द्यायची तर दोन मुख्य आहेत. डेले, जिचं प्रमाणपत्र कायम चालतं आणि जी एका ठरावीक पायरीचीच असते. सिएले संगणकावर होते, गुणांवरून पायरी सांगते आणि पाच वर्षं धरली जाते. तिथे असतानाच, शेवटच्या आठवड्यात, डोकं त्या भाषेत चालत असताना द्या. इथे येऊन सहा महिन्यांनी देऊ म्हणाल तर बी-१ चं ए-२ होतं.

भाषा टिकवायला आठवड्याला दोन तास बोलणं लागतं. मी आणि माझी तिथली घरमालकीण दर रविवारी संध्याकाळी फोनवर बोलतो. त्यांचं माहेर सालामांकाजवळच्या कोरडवाहू गव्हाच्या पट्ट्यातलं, त्यामुळे बोलणं फिरून पावसावर येतं. त्यांच्याकडे 'ओखाला' नावाचा शब्द आहे, अरबीतून आलेला, इन्शाअल्लाच्या घराण्यातला. त्याच्यापुढे क्रियापदाचं एक खास रूप लागतं, जे शिकताना युरोपियन विद्यार्थी रडकुंडीला येतात. आपल्याकडे ते रूप 'होवो', 'येवो', 'पडो' असं आहे. यंदा मृग कोरडा गेला. रविवारी त्यांनी विचारलं, पेरण्या झाल्या का? नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, 'ओखाला युएबा.' पाऊस पडो. मी मायला ते तसंच सांगितलं, आणि तिने अंगणातूनच हात जोडले.